आतली कडी

वेतवालीला खोली मिळाली त्या दिवशी तिनं आत पाऊल टाकलं, दार लोटलं आणि आतून कडी लावली. मग काढली. मग परत लावली. असं दहा-बारा वेळा चाललं तेव्हा बाहेर उभ्या असलेल्या ताई घाबरल्या. ताई म्हणजे संस्थेच्या. गरीब आंधळ्या माणसांना आपलं आपण राहता यावं म्हणून संस्थेनं ही इमारत बांधली होती, आणि देखरेख ताईंकडे होती. ताई डोळस.

"उघडत नाहीये का हो?" ताईंनी विचारलं.

"उघडतंय," वेतवाली आतून म्हणाली. "लागतंयसुद्धा."

ताई हसल्या. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण त्यांना काय माहीत. ही बाई त्रेचाळीस वर्षं भावाच्या घरी जिन्याखालच्या कोठीत झोपली होती. त्या कोठीलाही कडी होती, पण बाहेरून. घरी कुणी आलं की वहिनी ती लावायची. वाईट मनानं नाही, असं वहिनीच सांगायची. बाई चाचपडत मध्ये आली आणि कुणाच्या ताटात हात घातला तर चारचौघांत बरं दिसत नाही, एवढंच. जेवण कोठीच्या उंबऱ्यावर यायचं. आणि ताट हातानं सरकवलंय की पायानं, हे आवाजावरून कळतं. ज्याला दिसत नाही त्याला तर चांगलंच कळतं.

अकरा वर्षं अर्ज पडून होता तेव्हा कुठे ही खोली मिळाली. तीही अजून पुरती तिची नव्हती. पहिले तीन महिने परीक्षेचे. ताई पंधरा दिवसांनी एकदा येणार. शेगडी नीट बंद होते का, खोली स्वच्छ आहे का, बाईंचं डोकं ठिकाणावर आहे का, सगळं बघणार. जमलं तर खोली कायमची. नाही जमलं तर 'घरच्यांच्या ताब्यात परत'. कागदावर तसंच लिहिलेलं होतं, ताईंनी वाचून दाखवलं होतं. ताब्यात हा शब्द वेतवालीनं ऐकून ठेवला.

काम तिचं चोख. जुन्या खुर्च्यांच्या बैठका वेतानं विणायची, म्हणून सगळे वेतवाली म्हणायचे. वेताच्या पट्ट्या बादलीत भिजत घालायच्या, मऊ झाल्या की भोकातून ओवायच्या, ताणायच्या, आणि लाकडी खुंटी ठोकून पक्क्या करायच्या. सुर्र, ठक. सुर्र, ठक. दिवसभर हाच आवाज. पट्टी ताणून ताणून तिच्या उजव्या अंगठ्याच्या पोटाला वाटाण्याएवढा घट्टा पडला होता. तो घट्टा म्हणजे तिचं निम्मं हत्यार.

वरच्या मजल्यावर खोल्या तीन. जिना चढून आलं की पहिली फोनवाल्याची. मग मालिशकाकांची. मग पॅसेज काटकोनात वळायचा, आणि त्या वळणापलीकडे वेतवालीची. तिच्याही पुढे कपडे धुवायची जागा, ती सगळ्यांची मिळून. दारं अंगठ्यानं उघडायची. किल्ली पडते, हरवते, शोधायला रांगावं लागतं, म्हणून संस्थेनं प्रत्येक दाराला अंगठ्याचं यंत्र बसवलं होतं. अंगठा जुळला की चिमणीसारखं चिव वाजायचं. नाही जुळला की कुणी घसा खाकरल्यासारखं खर्र.

पहिल्या दिवशी जिन्यात मालिशकाका भेटले. साठीतला माणूस, लग्न न केलेला, पहाटे उठून दवाखान्यात मालिश करायला जायचा तो संध्याकाळी यायचा. दिसत यांनाही नव्हतं.

"हात देत नाही हं," काका म्हणाले. "कोपरापर्यंत तेल आहे. नंतर देऊ कधीतरी. हात काय पळून चाललेत?"

फोनवाला मात्र कडक. त्यानं दारातच नियम सांगितला. "बाई, पॅसेजमध्ये तोंड बंद. मी दिवसभर खोलीतूनच फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकतो. धुलाईची मशिनं बिघडतात आणि शिव्या मला खाव्या लागतात. सगळं रेकॉर्ड होतं. मागे काका पॅसेजमध्ये शिंकले, तर साहेबांनी मला झापलं. माझी नोकरी गेली की खोली गेली."

"मग समोरून कोण येतंय ते कळायचं कसं?"

"हात पुढे ठेवायचा. कमरेएवढ्यावर, पालथा. हाताला हात लागला की एकदा दाबायचा आणि आपापल्या बाजूनं जायचं. कोण म्हणून विचारायचं नाही. हातावरून माणूस कळतो."

ते खरंच होतं. पॅसेजमध्ये घसरू नये म्हणून जाड रबर अंथरलं होतं, त्यामुळे पावलं वाजायची नाहीत. पण फोनवाल्याचा हात पहिल्या आठवड्यातच तिच्या ओळखीचा झाला. मनगटावर घड्याळ, आणि हातात लोकरीचा मोजा. उकाड्यात मोजा कशाला, असं तिच्या मनात आलं. पण एकेकाला थंडी वाजते, आपल्याला काय करायचंय.

दुसरा हात लागला तो दुसऱ्या आठवड्यात. संध्याकाळचे सात वाजले असतील. पिळलेले कपडे घेऊन ती वळणापाशी आली आणि तिच्या पालथ्या हाताला हात टेकला.

हात मऊ होता. मऊ म्हणजे पाण्यात पडून सुजलेल्या पावासारखा. दाबला तर बोट आत जाईल आणि खड्डा तसाच राहील. आणि वर ओल. ती घामाची नव्हती, घाम सुकतो. दूध नासल्यावर भांड्याच्या कडेला जे राहतं, तसलं काहीतरी होतं ते. वेतवालीनं रीतीप्रमाणे एकदा दाबला. त्यानंही दाबला, जरा जास्त वेळ. मग सुटला, पण सुटताना ओला कागद काचेवरून सोलावा तसा सुटला.

ती खोलीत आली. अॅप्रनला हात पुसला, मग साबणानं धुतला, मग परत धुतला. वास जाईना. तोंडबंद डब्यात विसरलेल्या ओल्या फडक्याचा वास. त्या दिवशी तिनं डाव्या हातानं जेवण केलं आणि अर्ध्यातून उठली.

मालिशकाकांचं तेल खवट झालंय, असं तिनं ठरवलं. दुसरं कोण असणार? मजल्यावर माणसं तीन. फोनवाला मोज्यातला, आपण आपण, उरले काका. दिवसभर दहा जणांची अंगं चोळायची, हाताला काय काय लागत असेल. बिचारा माणूस.

तो हात आठवड्यातून दोनदा लागायला लागला. मग रोज. प्रत्येक वेळी हात काढून घ्यावासा वाटायचा, आणि प्रत्येक वेळी ती दाबायची. का, तर तिचा हात लोकांनी आयुष्यभर टाळला होता. भावाच्या घरी पाहुण्याची पोरं तिच्या हातातला खाऊ घ्यायची नाहीत, वहिनी तो बशीत ठेवायला लावायची. हात मागे घेणं काय असतं ते तिला ठाऊक होतं. ते ती कुणाला करणार नव्हती.

पण एक दिवस, ओशाळतच, तिनं दाबताना बोटांची टोकं चाचपली. नखं नव्हती. जिथं नखं असायची तिथंही तोच मऊ पाव.

नंतर हेच तिच्या डोक्यात राहिलं. मालिशवाल्याला नखं वाढवून चालत नाही, एकदम बारीक कापावी लागतात, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

महिना उलटला आणि तिचं मनगट धरलं. खुंट्या ठोकताना कळ खांद्यापर्यंत जायची. रविवारी दुपारी ती खाली अंगणात बाकावर मनगट चोळत बसली होती, तेवढ्यात मालिशकाका शेजारी येऊन टेकले.

"मनगट ना? दोन दिवस ऐकतोय, ठक करता आणि मग हाय करता. द्या इकडे, पाच मिनिटांचं काम आहे."

"नको काका. राहू द्या. रविवार तुमचा सुट्टीचा."

"अहो द्या. फुकट आहे म्हणून लाजताय का?"

आता नाही कसं म्हणायचं? तिनं श्वास कोंडला, दात आवळले आणि हात पुढे केला. काकांनी मनगट धरलं.

कोरडा हात. रुंद, गरम, कोरडा, ऊन खाल्लेल्या कातड्यासारखा खरखरीत. अंगठे मागे वाकलेले. बोटांना नखं, कापलेली पण टणक. वास कापराचा, स्वच्छ.

काका चोळत राहिले.

"काका," ती शेवटी म्हणाली, "तुमचे हात कधीपासून असे आहेत?"

"असे म्हणजे? चाळीस वर्षं तेल पिऊन चामडं झालंय त्यांचं. का?"

"पॅसेजमध्ये आपण कधी भेटलोय का?"

काकांची बोटं थांबली. मग ते हळूच, अगदी हळूच म्हणाले, "बाई, राग मानू नका. मी तुम्हालाच विचारणार होतो. गेले दोन-तीन रविवार म्हणतोय, आज विचारू. पण बाईमाणसाला कसं विचारायचं, की तुमच्या हाताला काही झालंय का? मी म्हटलं दिवसभर पाण्यात हात, कुजत असेल कातडी."

"तुम्हाला वाटलं तो माझा हात?"

"मग कुणाचा? फोनवाल्याला तर मोजा."

दोघं उठून वर गेले. फोनवाल्याची सुट्टी होती, तो दारात येऊन उभा राहिला. काकांनी त्याला त्या हाताबद्दल विचारलं. तो घड्याळाचा पट्टा काढघाल करत राहिला.

"मी मोजा घालतो," तो म्हणाला, "ते काय थंडी वाजते म्हणून?"

"अरे मग सांगायचंस की," काका म्हणाले.

"काय सांगू? कुणाला सांगू? ताईंना? ताईंना काही दिसत नाही तिथं. त्यांना मी एकदा मुद्दाम वळणापर्यंत नेलं होतं. मधोमध चालत गेल्या, बोलत बोलत. म्हणाल्या, पॅसेज किती मोकळा आहे नाही."

काका खाकरले. "आपण तक्रार केली तर काय होईल सांगू? आंधळे आहोत हे कागदावर आहेच, वेडे म्हणून आणखी एक कागद लागेल." मग वेतवालीकडे वळून म्हणाले, "आणि तुमचे अजून दोन महिने व्हायचेत."

तेच तर होतं. बाईंचं डोकं ठिकाणावर आहे का, या रकान्यात ताई काय लिहितील ते तिला कळत होतं. तिघांनी ठरवलं, गप्प बसायचं. हात लागला तर दाबायचा नाही, सोडून पुढे जायचं. आपली ओळख मात्र पक्की करायची. काकांनी वेतवालीचा हात हातात घेऊन तिचा घट्टा बोटानं दाबून बघितला. "हा वाटाणा लागला की वेतवाली. नाही लागला की ते. बस. सोपं आहे."

सोपं होतं खरं, आठ-दहा दिवस.

मग एका सकाळी वळणापाशी तिच्या हाताला हात लागला. ओला, मऊ, तोच. तिनं हात काढून घेतला, पण त्यानं दोन बोटं धरून ठेवली आणि आपला अंगठा तिच्या तळव्यावरून फिरवला. सावकाश. त्या अंगठ्याच्या पोटाला काहीतरी होतं. पिकून दबलेल्या गळवासारखं, मऊ, वाटाण्याएवढं.

ती खोलीत येऊन मोरीत ओकली. तोंड धुतलं, कडी लावली, कडीला पाठ टेकून बसली. आत आपण, बाहेर ते. ही एवढी कडी आहे तोवर काही बिघडत नाही, असं तिनं मोठ्यानं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी काम करताना पट्टीनं अंगठा कापला. घट्टा असताना कधी कापत नसे. तिनं डाव्या बोटांनी चाचपलं. घट्टा नव्हता. वेत भिजवायच्या बादलीत हात घालून ढवळल्यावर तिला तो सापडला. भिजून फुगलेला, वाटाण्याच्या सालासारखा पापुद्रा. बोटांत धरला तर विरघळला. तिनं बादली ओतून दिली आणि बादलीच्या काठाला साबण लावत बसली, साबण संपेपर्यंत.

काकांना सांगावं असं तिच्या मनात आलं. पण सांगायचं काय? वाटाणा गेला, आता मला कशावरून ओळखाल? ती गप्प बसली. फोड फुटला असेल, नवा घट्टा येईल, महिन्याभरात येतो.

आला नाही. हातांना ओल मात्र राहायला लागली. पुसले तरी, शेगडीवर धरले तरी. नखं कडेनं सुटायला लागली, उकडलेल्या बदामाची सालं सुटतात तशी, न दुखता. दाराचं यंत्र एखाद्या वेळी तिच्यावर खाकरायचं. अंगठा अॅप्रनवर खसाखसा घासला की दुसऱ्या खेपेला चिव.

आणि चिव आणखी कधीही ऐकू यायला लागलं. ती आत, कडी लावलेली, मांडीवर खुर्ची, आणि बाहेर आपल्याच दाराचं यंत्र चिव करायचं. कुणी दार ढकलायचं नाही. नुसतं चिव. थोड्या वेळानं परत चिव. जसं कुणी नवीन चप्पल सारखी पायात घालून बघावी.

तिसऱ्या महिन्यात एकदा ती दुकानातून वेताचा भारा घेऊन आली. खुर्ची अर्धी विणून ठेवली होती, सात ओळी. बसून बोटं फिरवली तर ओळी अकरा निघाल्या. ताण एकसारखा, भोकं सारखी, खुंट्या घट्ट. तिच्यापेक्षा सरस काम. पट्ट्यांवर मात्र सगळीकडे ती ओल, दुधाच्या सायीसारखी ओघळून सुकलेली, आणि एका खुंटीच्या फटीत कापसासारखं काहीतरी अडकलेलं. तिनं ते चिमटीनं ओढलं. कातडीचा तुकडा होता. कुणाचा, ते तिनं बघायचं टाळलं. बोटांनी बघायची तिची सवय, पण त्या दिवशी तिनं नाही बघितलं.

खुर्ची तिनं गरम पाण्यानं धुतली. उलगडून परत विणायचं तिच्या हातून झालं नाही, पट्टी धरली की बोटं चिरायची. सुर्र ठक आता तिच्या हातून दिवसाला जेमतेम दोन ओळी.

शेवटच्या भेटीला ताई आल्या. सकाळी अकरा वाजता. शेगडी बघितली, मोरी बघितली, खिडकीच्या कडेवर बोट फिरवलं.

"खोली आरशासारखी ठेवलीत," ताई म्हणाल्या. "फक्त एक विचारायचं होतं. यंत्राची नोंद आमच्याकडे येते. तुम्ही दिवसातून तीस-पस्तीस वेळा दार उघडता. सगळं तुमच्याच अंगठ्यानं. काही भीती वाटते का तुम्हाला? करमत नाही का?"

वेतवालीच्या तोंडापर्यंत आलं होतं. सगळं. जिभेवर होतं. पण कागदावरचा तो शब्द तिला ऐकू आला, ताब्यात. उंबऱ्यावर सरकणारं ताट ऐकू आलं.

"कामाचं सामान आणते-नेते," ती म्हणाली. "एका खेपेत होत नाही."

"मी तेच म्हटलं. आणि ही खुर्ची तुम्ही विणली? केवढी सुरेख."

"हो," वेतवाली म्हणाली. "मीच."

ताईंनी कागद वाचून दाखवला. खोली कायमची. "अभिनंदन," म्हणून त्यांनी तिचा हात हातात घेतला. घेतला आणि एकदम सोडला. पर्सची चेन उघडली, रुमाल निघाला, आणि बोटं पुसल्याचा आवाज आला, एक एक करून पाच. वेतवालीला तो आवाज पाठ होता.

"येते मी," ताई म्हणाल्या. आवाज बदललेला. "हाताला काही लावा हं. दाखवून घ्या कुणाला तरी."

जिन्यात पावलं घाईनं उतरली.

वेतवालीनं कागद फळीवर ठेवला, वर डबा ठेवला. खुर्ची न्यायला टेम्पोवाला खाली येऊन थांबला होता, तो हॉर्न देत होता. तिनं खुर्ची उचलली, दार ओढून घेतलं, खाली जाऊन ती टेम्पोत चढवली. टेम्पोवाला म्हणाला, बाई, कडक काम आहे. पाच मिनिटं लागली असतील. सहा.

वर आली. कठड्याला हात लावून वळण घेतलं. दारावर अंगठा ठेवला.

खर्र.

अॅप्रनवर घासला, परत ठेवला.

खर्र.

दुसरा अंगठा. खर्र. फुंकर मारून, पुसून, खांद्यावर घासून. खर्र. अंगठ्याचं पोट तिनं ओठांना लावून बघितलं. गुळगुळीत होतं. एक रेघ नव्हती. ओठाला चिकटलं.

घाबरायचं कारण नाही, तिनं स्वतःला सांगितलं. ताई अजून फाटकापाशी असतील. फोनवाल्याला सांगू, तो फोन लावेल. ती वळली, रीतीप्रमाणे हात पालथा पुढे धरला, वळणापर्यंत आली.

हाताला हात लागला.

कोरडा, रुंद, गरम. कापराचा वास. काका आज लवकर आले होते. तिला केवढं बरं वाटलं. तिनं तो हात दाबला.

काकांचा अंगठा तिच्या अंगठ्यावरून फिरला. वाटाणा शोधत.

हात झटक्यानं सुटला. मग सदऱ्याला पुसल्याचा आवाज. एकदा. मग जोरात, आणखी एकदा.

"काका," असं ती म्हणाली. निदान म्हणायला गेली. घशात काहीतरी ओलं होतं.

मागे, तिच्या दाराशी, चिव झालं.

दार उघडलं. लागलं. मग भिंतीपलीकडून ओळखीचा आवाज आला. सुर्र, ठक.

काकांनी सुस्कारा टाकला. भिंतीला पाठ घासत, अंग चोरून, ते तिला वळसा घालून पुढे सरकले. तिच्या दाराशी गेले आणि नियम मोडून, दबक्या आवाजात म्हणाले, "वेतवाली, आत गेलात ना? बरं झालं. ते इथं वळणावर उभं आहे. कडी लावून घ्या."

आतून कडी लागली.